जुन्या सी-१० पिकअपमध्ये ५.३ व्ही-८ इंजिन: पहिल्या पान्यापासून पहिल्या सेल्फपर्यंत

१९७३ ते १९८७ या काळातली चौकोनी बांध्याची शेव्हरोले सी-१० पिकअप आणि तिच्यात १९९९ ते २००७ दरम्यान जनरल मोटर्सच्या पिकअपमध्ये आलेलं ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन, म्हणजे एलएम७. अमेरिकेत जुन्या पिकअपमध्ये इंजिन बदलणाऱ्यांची ही सर्वात रुळलेली वाट आहे. वाट रुळलेली असली तरी खड्डे आहेतच, आणि बहुतेक जण त्याच त्याच खड्ड्यांत पडतात.

नवखा माणूस सगळं लक्ष इंजिनावर ठेवतो. प्रत्यक्षात इंजिन दोन माउंटांवर टेकवणं हे एका शनिवारचं काम आहे. उरलेले दोन-तीन महिने जातात ते वायरिंग, पेट्रोलचा दाब, रेडिएटर, शाफ्टचे कोन आणि न मिळणाऱ्या एखाद्या ब्रॅकेटमध्ये. म्हणून इंजिन नव्हे, इंजिनाचा सगळा संसार विकत घ्यायचा, या हिशोबानेच पुढचं वाचा.

१. आधी नियम, मग खरेदी

अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं धोरण थोडक्यात असं: बदललेली गाडी त्याच किंवा नंतरच्या मॉडेल-वर्षाच्या, प्रमाणित झालेल्या एखाद्या गाडीसारखी व्हायला हवी. म्हणजे इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं आणि त्याच्यासोबत त्याची प्रदूषण-नियंत्रणाची सगळी सामग्री यायला हवी: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, पुढचे-मागचे ऑक्सिजन सेन्सर, टाकीची वाफ पकडणारा डबा. हलक्या पिकअपमध्ये हलक्या पिकअपचंच इंजिन घेतलं की बरीच भानगड टळते.

कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना धूर तपासणी नाही. १९७६ आणि नंतरच्या गाडीत इंजिन बदललं असेल तर ती सरकारमान्य रेफरीला दाखवावी लागते. तो तपासून बॉनेटखाली एक पट्टी चिकटवतो आणि पुढच्या तपासण्या तिच्यावरून होतात. इतर राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत, काही ठिकाणी तपासणीच नाही. आपल्या राज्याचा नियम इंजिन आणण्याआधी वाचा. मागचे ऑक्सिजन सेन्सर कापून हार्नेस तयार केल्यावर ते लागणार होते असं कळलं, तर अर्धं वायरिंग पुन्हा उसवावं लागतं.

जपून ठेवायचे कागद: इंजिनाच्या खरेदीची पावती, मूळ गाडीच्या व्हीआयएनचा, म्हणजे ओळख-क्रमांकाचा फोटो, तिच्या बॉनेटखालच्या उत्सर्जन-पट्टीचा फोटो आणि तिचं मॉडेल-वर्ष लिहिलेला कुठलाही कागद. रेफरी हेच मागतो.

२. इंजिन ओळखा

मूळ गाडीच्या व्हीआयएनमधलं आठवं अक्षर इंजिन सांगतं. टी म्हणजे एलएम७. झेड म्हणजे एल५९, तेच ५.३ पण इथेनॉल-मिश्रणावरही चालणारं. व्ही म्हणजे ४.८ लिटर. यू म्हणजे ६.० लिटरचं एलक्यू४. ४.८ आणि ५.३ चा ब्लॉक एकच, ओतकामात दोन्ही आकडे एकत्रच लिहिलेले असतात. त्यामुळे नुसता ब्लॉक पाहून '५.३ आहे' म्हणणाऱ्या विक्रेत्यावर विसंबू नका. दोघांचा बोअर सारखाच, ९६ मिलिमीटर. फरक आहे तो क्रँकच्या स्ट्रोकमध्ये.

दुसरी ओळख पिढीची. तिसऱ्या पिढीच्या इंजिनात कॅम सेन्सर मागच्या बाजूला, इनटेकच्या पाठीमागे असतो, आणि नॉक सेन्सर (इंजिनातली ठोक पकडणारा) इनटेकखालच्या खळग्यात. चौथ्या पिढीत कॅम सेन्सर पुढच्या टायमिंग कव्हरवर आला आणि नॉक सेन्सर ब्लॉकच्या कडेला गेले. क्रँकवरच्या दात्यांची चकतीही बदलली: तिसऱ्या पिढीत २४ खुणांची, चौथ्या पिढीत ५८. एका पिढीचं इंजिन दुसऱ्या पिढीच्या कॉम्प्युटरवर तसंच्या तसं चालत नाही. शिवाय चौथ्या पिढीच्या बऱ्याच इंजिनांत चालताना चार सिलिंडर बंद ठेवणारी यंत्रणा आहे आणि तिचे लिफ्टर बिघडण्यासाठी बदनाम आहेत. पहिलाच प्रयोग असेल तर तिसरी पिढी घ्या.

तिसरी गोष्ट अ‍ॅक्सिलरेटरची. पिकअपमध्ये साधारण २००२ पर्यंत केबलचा थ्रॉटल मिळतो, २००३ पासून बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक. इलेक्ट्रॉनिक घेतलात तर त्याच गाडीचं पेडल आणि थ्रॉटलचं वेगळं नियंत्रण-मॉड्यूलही हवं, आणि पेडल जुन्या फायरवॉलवर बसवायला पट्टी घडवावी लागेल. केबलवालं काम सोपं.

३. काय काय उचलून आणायचं

स्क्रॅपयार्डमधून नुसतं इंजिन आणणं ही सर्वात महागडी काटकसर. एकाच गाडीतून हे सगळं घ्या:

– पीसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आणि एकही वायर न कापलेला पूर्ण हार्नेस
– ४एल६०ई हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा), फ्लेक्सप्लेट (क्रँक आणि कन्व्हर्टर जोडणारी चकती) आणि त्यांचे बोल्ट
– हवामापक म्हणजे एमएएफ सेन्सर आणि तो ज्या नळीत बसतो ती नळी
– अल्टरनेटर, पॉवर स्टीअरिंग पंप, सेल्फ, सगळे ब्रॅकेट आणि अल्टरनेटरचा प्लग वायरच्या शेपटीसकट
– गिअरबॉक्सची डिपस्टिक-नळी, कूलर पाइपांची टोकं, शाफ्टचा पुढचा योक, म्हणजे गिअरबॉक्समध्ये शिरणारं टोक
– आठही कॉइल, ऑक्सिजन सेन्सर, फ्युएल रेल

फ्युएल रेलकडे नीट पाहा. १९९९ ते २००३ च्या पिकअपमध्ये रेलवरच दाबाचा रेग्युलेटर आणि टाकीकडे परतीची नळी असते. २००४ पासून परतीशिवायची रेल आली. तुमच्या हातात कुठली आहे यावर पेट्रोलच्या पाइपांचा सगळा आराखडा ठरतो.

अवजारं: दोन टनी इंजिन-क्रेन आणि तिच्यावर इंजिन तिरकं करता येईल असा लेव्हलर, चार मजबूत जॅक-स्टँड, टॉर्क पाना, कोनमापक, मल्टिमीटर, पेट्रोलच्या दाबाचा गेज, ओबीडी-२ स्कॅनर (कॉम्प्युटरमधले दोष-कोड वाचणारा), चांगला क्रिंपर आणि उष्णतेने आवळणाऱ्या नळ्या. पान्यांचे दोन्ही संच लागतील, कारण इंजिन मिलिमीटरमध्ये आहे आणि सी-१० इंचांत. आठ, दहा, तेरा आणि पंधराचे सॉकेट सतत हातात राहतील. क्रेनचा हात जितका लांब ओढाल तितकी तिची क्षमता घटते. लोखंडी ब्लॉकचं इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून ३०० किलोच्या पुढे जातात, त्यामुळे दांड्यावर त्या छिद्राशी लिहिलेला आकडा वाचूनच उचला.

४. इंजिन स्टँडवर असतानाच उरकायची कामं

इथे घाई केली की नंतर पाठीवर झोपून तेच काम तिप्पट वेळात करावं लागतं.

ऑइल पॅन उतरवा आणि तेल शोषणाऱ्या पिकअप नळीची ओ-रिंग बदला. या इंजिनांमध्ये तेलाचा दाब कमी दिसण्याचं सर्वात नेहमीचं कारण हीच रिंग. ती कडक होऊन तडकली की पंप तेलाबरोबर हवा ओढतो. जुनी आणि नवी रिंग शेजारी ठेवून जाडी जुळवा, कारण नळीच्या प्रकारानुसार रिंग वेगळी असते. नवी रिंग तेल लावून बसवा, चिमटली तर दाब पहिल्यापेक्षाही कमी येईल.

मागचं क्रँक सील बदला. इनटेक काढून नॉक सेन्सरच्या विहिरी पाहा. तिथे पाणी साचून सेन्सर गंजतात, आणि वरून पाहिलं तर काहीच कळत नाही. इनटेकचे गॅस्केट नवे घाला आणि बोल्ट दोन फेऱ्यांत शेवटी १० न्यूटन-मीटरवर आणा. इनटेक प्लास्टिकचा आहे, जोर लावायची जागा ही नव्हे.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे बोल्ट मोजा. हेडच्या टोकाचे, त्यातही मागचे बोल्ट तुटलेले असण्याची शक्यता मोठी असते. तुटलेल्या बुडख्यावर नट वेल्ड करून तो गरम असतानाच फिरवला की बहुधा निघतो. गाडीत बसवल्यावर फायरवॉलजवळ हे काम करायची वेळ कोणावर येऊ नये. नवे बोल्ट २५ न्यूटन-मीटरवर आवळा.

हेडवर ७०६ हा कास्टिंग क्रमांक दिसला आणि सोबत कॅस्टेक कंपनीची खूण असेल, तर कूलंट आतल्या आत झिरपण्याचा दोष त्यातल्या काही हेडांत होता. तेलात दुधाळपणा किंवा रॉकर कव्हरच्या आत तडा दिसतो का पाहा. सगळेच ७०६ हेड वाईट नाहीत, खूण नसलेले बिनदिक्कत वापरा.

५. जुनं इंजिन काढणं

बॅटरी सोडा, पेट्रोलची नळी बंद करा, कूलंट आणि गिअरबॉक्सचं तेल काढा. बॉनेटच्या बिजागऱ्यांभोवती पेन्सिलने रेघ मारून मगच बॉनेट उतरवा, परत बसवताना फटी जुळवायला तेवढीच खूण उपयोगी पडते. रेडिएटरसमोरची पट्टी सोडली तर इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र निघतात.

वायर कापण्याआधी प्रत्येकीवर चिठ्ठी लावा: तापमान, तेलाचा दाब, सेल्फ, इग्निशन, रिव्हर्स दिवा. जुन्या इंजिनाचे सेन्सर फेकू नका. डॅशवरचे मूळ काटे त्यांच्याशीच जुळलेले आहेत, पुढे लागतील.

इंजिन निघाल्यावर जी मोकळी जागा दिसते ती पुन्हा कधी मिळणार नाही. चॅसिस खरवडून धुवा, स्टीअरिंग बॉक्सच्या बोल्टभोवती तडे आहेत का पाहा, ब्रेकचे गंजलेले पाइप आत्ताच बदला.

६. माउंट आणि जागा

जुन्या स्मॉल-ब्लॉकला, म्हणजे शेव्हरोलेच्या जुन्या व्ही-८ ला, प्रत्येक बाजूला तीन बोल्टांचं माउंट, नव्याला चार. मधे एक अ‍ॅडॅप्टर प्लेट येते. प्लेटा वेगवेगळ्या अंतराच्या मिळतात, काही इंजिन मागे सरकवतात, काही पुढे. विकत घेण्याआधी तीन गोष्टी एकत्र मोजा: हेडचं मागचं टोक आणि फायरवॉल यांत निदान २५ मिलिमीटर, ऑइल पॅन आणि क्रॉसमेंबर यांत निदान १२, आणि पुढे पुलीपासून रेडिएटरपर्यंत पंख्याला पुरेल इतकी जागा. इंजिन थोडं हलतं, त्यामुळे यापेक्षा कमी फट ठेवली तर रस्त्यावरच्या पहिल्या खड्ड्यात ठोका ऐकू येतो.

पिकअपचा मूळ ऑइल पॅन खोल आहे. गाडीची उंची मूळ असेल तर चालून जातो, पण खाली बसवलेल्या गाडीत तो क्रॉसमेंबरच्याही खाली लोंबतो आणि गतिरोधकाला सर्वात आधी तोच भेटतो. तशा गाडीसाठी उथळ पॅन घ्या, मात्र त्याच्याबरोबर त्याचीच पिकअप नळी आणि आतली आडपट्टीही बदलावी लागते.

एसीचा कॉम्प्रेसर ही दुसरी अडचण. पिकअपच्या मांडणीत तो उजवीकडे खाली असतो आणि सी-१० च्या चॅसिसला अडतो. एक तर कॉम्प्रेसर वर नेणारा ब्रॅकेट घ्या, नाहीतर चॅसिसला खाच पाडून तिला आतून प्लेट वेल्ड करा. नुसती खाच पाडून सोडलेली चॅसिस तिथूनच तडकते. वेल्डिंगवर विश्वास नसेल तर ब्रॅकेटच बरा.

या टप्प्यावर सगळं हलकंच आवळा. गिअरबॉक्सचं माउंट, सायलेन्सर आणि शाफ्ट बसेपर्यंत इंजिन दोन-चार वेळा वर-खाली होणारच.

७. गिअरबॉक्स, कन्व्हर्टर आणि शाफ्ट

सर्वात जास्त नुकसान करणारी चूक इथे होते, म्हणून सावकाश वाचा.

टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्समध्ये फिरवत फिरवत आत ढकला. तो टप्प्याटप्प्याने खाली बसतो आणि प्रत्येक टप्प्याला हाताला झटका जाणवतो, शेवटचा टप्पा पंपाच्या खाचांचा. गिअरबॉक्स ब्लॉकला लावल्यावर बेलहाउसिंग हाताच्या जोरानेच पूर्ण टेकलं पाहिजे. टेकत नसेल तर थांबा, बोल्ट आवळून ओढू नका. कन्व्हर्टर पूर्ण बसलेला नसतो आणि बोल्टांचा जोर थेट गिअरबॉक्सच्या पंपावर जातो. पंप फुटतो, आणि ते कळतं गाडी सुरू केल्यावरच. बेलहाउसिंग टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून त्याला साधारण ३ ते ५ मिलिमीटर मागे जागा असली पाहिजे. मगच त्याला पुढे ओढून बोल्ट लावा. फ्लेक्सप्लेटचे क्रँकवरचे बोल्ट तीन फेऱ्यांत १०० न्यूटन-मीटर, बेलहाउसिंगचे ५०.

सी-१० चा जुना टीएच३५० हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच ठेवायचा असेल तर लक्षात घ्या की नव्या क्रँकचा फ्लँज जुन्यापेक्षा सुमारे १० मिलिमीटर आत आहे. त्यासाठी स्पेसर, सपाट फ्लेक्सप्लेट आणि लांब बोल्ट लागतात. स्पेसर न लावता जुळवलं तर कन्व्हर्टर पुरेसा आत राहत नाही. १९९८ च्या आधीचा ४एल६०ई-ही टाळा, त्याचा इनपुट शाफ्ट आणि कन्व्हर्टर वेगळे आहेत. एकाच गाडीतून इंजिन-गिअरबॉक्स घ्या म्हटलं ते याचसाठी.

४एल६०ई ला चौथा गिअर ०.७० चा ओव्हरड्राइव्ह आहे. जुन्या पिकअपचा मागचा अ‍ॅक्सल ३.०८ गुणोत्तराचा असेल तर चौथ्यात इंजिन पार सुस्तावतं. हिशोब सोपा: ताशी मैल गुणिले अ‍ॅक्सल गुणोत्तर गुणिले गिअर गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास इंचांत. २८ इंची टायर आणि ताशी ६५ मैल धरले तर ३.०८ ला सुमारे १,६८० फेरे, ३.७३ ला सुमारे २,०४०. पहिल्या आकड्यावर भरलेली पिकअप चढावर सारखी तिसऱ्यात उतरते. ३.७३ या जोडीला शोभतो.

शाफ्ट शेवटी मापा, गाडी चाकांवर उभी करून. पुढचा योक गिअरबॉक्समध्ये पूर्ण ढकला, मग २० ते २५ मिलिमीटर बाहेर काढा, त्या ठिकाणी माप घ्या. लिफ्टवर अ‍ॅक्सल लोंबकळत असताना घेतलेलं माप हमखास चुकतं. कोनांचा नियम असा की इंजिन मागे सुमारे ३ अंश झुकलेलं आणि अ‍ॅक्सलची पिनियन (शाफ्ट जिला जोडतो ती) त्याला समांतर, म्हणजे पिनियनचं तोंड तेवढंच वर. दोन्ही जॉइंटांवरचा कोन १ ते ३ अंशांत आणि दोघांतला फरक १ अंशाच्या आत ठेवा. तुमचा शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या बेअरिंगच्या ब्रॅकेटचीही उंची तपासा. ठरावीक वेगालाच येणारी घरघर बहुधा कोनाची असते. लोक मात्र टायर बॅलन्स करत बसतात.

८. पेट्रोल

कार्ब्युरेटरला पंपाचे पाच-सहा पीएसआय पुरत होते. या इंजिनाला ५८ पीएसआय लागतात, म्हणजे ४ बार. जुन्या ब्लॉकला लागलेला यांत्रिक पंप इथे नाहीच, त्यासाठी जागाही नाही.

पंप टाकीच्या आत ठेवा. बाहेर चॅसिसवर लावलेला उच्च दाबाचा पंप आवाज करतो, तापतो आणि उन्हाळ्यात पेट्रोल ओढायला कुरकुरतो. जुन्या टाकीत आडपट्ट्या नाहीत, त्यामुळे पाव टाकीवर वळण घेतलं की पंप हवा ओढतो आणि इंजिन गचके खातं. १९८७ पासून याच बांध्याच्या पिकअपला इंजेक्शन आलं, ती टाकी आतल्या वाटीसह मिळाली तर उत्तम. तिचा मूळ पंप मात्र कमी दाबाचा आहे, तो बदलावा लागतो. ताशी २५५ लिटरचा पंप या इंजिनाला पुरून उरतो.

रेल परतीशिवायची असेल तर १९९९ ते २००३ च्या कॉर्व्हेटचा फिल्टर-रेग्युलेटर टाकीजवळ लावा. तो एकाच डब्यात गाळतो, दाब ५८ वर धरतो आणि जादा पेट्रोल तिथूनच टाकीत परत सोडतो. पुढे इंजिनापर्यंत एकच ३/८ इंची नळी जाते. रेलवर रेग्युलेटर असलेल्या इंजिनाला साधा फिल्टर आणि परतीची दुसरी नळी. दोन रेग्युलेटर एकामागे एक लावू नका.

रबरी नळी फक्त इंजेक्शनसाठी बनवलेली, तिच्यावर ३०आर९ छापलेलं असतं. क्लॅम्प पूर्ण कडा असलेले घ्या. दातेरी क्लॅम्प ५८ पीएसआयवर रबर कापतात, आणि ही गळती एक्झॉस्टच्या वर होते. काम चालू असताना हाताशी आग विझवायचा सिलिंडर हवाच.

९. वायरिंग आणि पीसीएम

सुटा तयार हार्नेस विकत मिळतो, पण मूळ हार्नेसही धीराने छाटता येतो. ठेवायचं ते: इंजेक्टर, कॉइल, क्रँक आणि कॅम सेन्सर, एमएएफ, एमएपी (इनटेकमधला दाब मोजणारा), कूलंट तापमान, थ्रॉटल, नॉक, ऑक्सिजन सेन्सर, गिअरबॉक्सचा मोठा प्लग, वेगाचा सेन्सर आणि ओबीडी-२ चं सॉकेट. सॉकेट काढून टाकणारे पुढे आंधळेपणाने दोष शोधतात. डॅशमध्ये 'चेक इंजिन'साठी एक दिवा द्या.

पीसीएमला दोन प्रकारचे १२ व्होल्ट हवेत: कायमचे, आणि किल्लीचे. किल्लीचे म्हणजे 'रन' आणि 'सेल्फ' या दोन्ही स्थितींत मिळणारे. जुन्या गाडीत काही वायरी सेल्फ मारताना मुद्दाम बंद पडतात. तिथून वीज घेतली तर इंजिन फिरतं पण ठिणगी पडत नाही. दुसरा सापळा १९७३-७४ च्या गाड्यांतला: त्यांच्या कॉइलची वायर रोधक तारेची आहे आणि तिच्यावर पूर्ण व्होल्ट येतच नाहीत. मल्टिमीटर लावून, कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून तपासा.

कॉइल आणि इंजेक्टरच्या प्रत्येक बाजूला १५ अँपिअरचा वेगळा फ्यूज, पेट्रोल पंपाला रिले, प्रत्येक पंख्याला ३० अँपिअरचा रिले. अर्थिंगमध्ये कंजूषी नको. बॅटरीपासून ब्लॉकला जाड केबल, ब्लॉकपासून चॅसिसला, आणि हेडच्या मागच्या बाजूपासून फायरवॉलला. रंग खरवडून स्वच्छ पत्र्यावर. अशा इंजिन-बदलांतले निम्मे 'कॉम्प्युटर बिघडला' वाले रोग हेडमागची अर्थिंग लावल्यावर बरे होतात.

चोरीविरोधी कुलूप पीसीएमच्या आतून काढावं लागतं. ते राहिलं तर इंजिन सुरू होतं आणि दोन सेकंदांत मरतं, पुन्हा तेच. लोक पंप बदलतात, फिल्टर बदलतात. पीसीएमचं ट्यूनिंग करणाऱ्याला एकाच खेपेत सांगा: कुलूप काढ, टायरचा घेर आणि अ‍ॅक्सलचं गुणोत्तर भर, पंख्यांची तापमानं ठरव. टायर-अ‍ॅक्सल चुकले तर स्पीडोमीटरच नाही, गिअर बदलायची वेळही चुकते.

अल्टरनेटरच्या चार पिनांच्या प्लगमधली एल ही पिन थेट १२ व्होल्टला जोडू नका. मूळ गाडीत ती पीसीएमकडे जाते. तशी ठेवा, नाहीतर मधे दिवा किंवा रेझिस्टर घाला. जुन्या गाडीची चार्जिंगची बारीक वायरही नव्या अल्टरनेटरला पुरत नाही, जाड टाका.

डॅशचे मूळ काटे चालवायचे असतील तर जपून ठेवलेले सेन्सर लावा. उजव्या हेडच्या मागच्या टोकाला एम१२ × १.५ आट्यांचं बूच असतं, तिथे अ‍ॅडॅप्टर घालून जुना तापमान सेन्सर बसतो. तेलाच्या दाबाची जागा इनटेकमागे आहे, आटे एम१६ × १.५. फायरवॉलजवळ हात शिरत नाही, म्हणून इंजिन बसवण्याआधीच लावा.

१०. थंडावा आणि एक्झॉस्ट

दोन्ही हेडच्या पुढून एक बारीक नळी येते, वाफेची. ती बूच मारून बंद करण्याचा मोह अनेकांना होतो. करू नका. हेडच्या वरच्या कोपऱ्यात अडकलेली हवा तिच्यातूनच बाहेर पडते. ती नळी रेडिएटरच्या वरच्या भागात किंवा दाबाच्या टाकीत, कूलंटच्या वरच्या पातळीला न्या. बंद केली तर काटा उगाच वर-खाली उडतो आणि शेवटी हेड गॅस्केट जातं.

थर्मोस्टॅट या इंजिनात पाणी आत येण्याच्या बाजूला आहे, पंपाच्या नळीवर. त्यामुळे खालचा होज गरम व्हायला वेळ लागतो, तो दोष नव्हे. थर्मोस्टॅट काढून टाकणं हा उपाय नाही. रेडिएटरमध्ये गिअरबॉक्सचा कूलर असेल तर त्याच्या नळ्या आधी धुऊन घ्या, जुन्या गिअरबॉक्सचा चुरा नव्यात जायला नको.

एक्झॉस्टमध्ये पुढचे ऑक्सिजन सेन्सर मॅनिफोल्डपासून ३० ते ४५ सेंटिमीटरवर, आडव्या रेषेपेक्षा निदान १० अंश वर तोंड करून बसवा, म्हणजे नळीत साचलेलं पाणी सेन्सरवर येणार नाही. डावीकडचा मॅनिफोल्ड स्टीअरिंगच्या दांड्याजवळून जातो. चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवून फट पाहा.

११. पहिला सेल्फ

सुमारे ५.७ लिटर ५डब्ल्यू-३० तेल आणि नवा फिल्टर. गिअरबॉक्समध्ये आधी ५-६ लिटर तेल घाला. कोरडा असेल तर एकूण साधारण ११ लिटर लागतं, बाकीचं इंजिन सुरू झाल्यावर डिपस्टिक पाहून.

कॉइल आणि पेट्रोल पंपाचे फ्यूज काढा. सेल्फ दहा-दहा सेकंद मारा, मधे मिनिटभर विश्रांती. तेलाच्या दाबाचा काटा हलायला हवा. पाच-सहा फेऱ्यांतही दाब दिसला नाही तर तिथेच थांबा. पंप कोरडा आहे, नाहीतर त्या ओ-रिंगचं काहीतरी चुकलं आहे.

दाब आला की फ्यूज परत लावा. किल्ली फिरवली की पंप दोन सेकंद चालून थांबतो. तीन-चार वेळा असं करा आणि प्रत्येक जोड हाताने चाचपा. गेज ५८ च्या आसपास हवा. मग सुरू करा.

दोन सेकंदांत बंद पडलं तर दोष चोरीविरोधी कुलपाचा. मुळीच पकडलं नाही तर स्कॅनरवर क्रँकचे फेरे पाहा: सेल्फ मारताना शून्य दिसत असेल तर क्रँक सेन्सर किंवा त्याचा प्लग, तो सेल्फच्या मागेच लपलेला आहे. आळशी फेरे (पेडल न दाबता इंजिन घेतं ते) वर-खाली होत असतील तर एमएएफनंतरच्या नळीत हवेची गळती शोधा.

गरम इंजिनाला १,००० फेऱ्यांवर निदान ६ पीएसआय आणि २,००० वर १८ तेलाचा दाब हे कंपनीचं किमान. चांगल्या इंजिनाला यापेक्षा पुष्कळ जास्त मिळतो. गाडीचं नाक थोडं वर करून, हीटर पूर्ण उघडून, पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत चालवा आणि कूलंट भरत राहा. क्रँक सेन्सर किंवा पीसीएम बदलला असेल तर पी१३३६ हा कोड येतो. स्कॅनरमधून क्रँकचं पुन्हा शिकवणं करावं लागतं, त्याशिवाय मिसफायरचे कोड भरवशाचे नसतात.

१२. पहिले ५०० मैल

पहिल्या फेरीनंतर माउंट, बेलहाउसिंग, शाफ्टचे जॉइंट आणि मॅनिफोल्ड यांचे बोल्ट थंड झाल्यावर पुन्हा आवळा. शंभर मैलांनी पेट्रोलचे जोड पाहा, वायरिंग कुठे एक्झॉस्टला टेकलंय का पाहा. गिअरबॉक्सच्या तेलाचा रंग आणि वास तपासा, करपट वास आला तर दाब किंवा गिअर बदलायच्या वेळेकडे लक्ष द्या. पाचशे मैलांना इंजिनचं तेल बदला, फिल्टर कापून घडी उलगडून आतला कागद उन्हात धरा. बारीक चमक चालते, नखाला लागणारे कण नाही.